पदावरच्या राष्ट्रपतीला अटक होऊ शकते का?

महोदय,

दक्षिण कोरियाचे माजी राष्ट्रपती यून सुक योल यांच्यावर घरी-दारी बरंच बोलणं होतं आणि दरवेळी कोणीतरी म्हणतंच की राष्ट्रपतीला कुठे अटक होते का. तिथे झाली ना! 3 डिसेंबर 2024 च्या रात्री त्यांनी मार्शल लॉ म्हणजे लष्करी अंमल लावला, संसदेला सैनिकांनी घेरलं तरी खासदार कुंपणावरून उड्या मारून आत गेले आणि 190 विरुद्ध 0 मतांनी तो उठवायला लावला. 14 तारखेला संसदेत महाभियोग, म्हणजे पदावरून हटवण्याची कारवाई, 15 जानेवारीला घरातून अटक, तीही पदावर असतानाच, कारण त्यांच्या घटनेत राष्ट्रपतीला संरक्षण आहे पण बंड आणि देशद्रोह सोडून. एप्रिलमध्ये घटना न्यायालयाने एकमताने पदावरून काढलं.

आपल्याकडे राज्यघटनेच्या कलम 361 मध्ये असा अपवादच नाही, गुन्हा कितीही मोठा असो, मुदत संपेपर्यंत राष्ट्रपती आणि राज्यपालांवर फौजदारी कारवाई नाही, अटक नाही. राष्ट्रपतींसाठी निदान कलम 61 चा महाभियोग तरी आहे, 14 दिवसांची नोटीस, मग दोन्ही सभागृहांत एकूण सदस्यांच्या दोन तृतीयांश मतं. राज्यपालांना तर तोही नाही, राष्ट्रपतींची म्हणजे खरं तर केंद्राची मर्जी असेपर्यंत ते खुर्चीत. मुख्यमंत्र्यांना मात्र हे कवच नाही, केजरीवालांना मार्च 2024 मध्ये पदावर असताना अटक झालीच की.

पदाचा मान राहावा हे मला पटतं, पण कोरियासारखा एक अपवाद आपल्या 361 मध्ये का नसावा, यावर संसदेत एकदा तरी नीट चर्चा व्हायला हवी.

– एक वाचक, सातारा