अमिनो आम्लांआधी कोटीपोट पाहा

मेंढ्यांच्या खुराकात मेथिओनीन आणि लायसीन ही अमिनो आम्ले (प्रथिनांचे घटक) मिसळण्याचा सल्ला देणारा आपल्या अंकातील लेख वाचला. लोकर बनायला गंधकयुक्त अमिनो आम्ले लागतात, हे लेखकाचे म्हणणे बरोबरच आहे. पण मेंढी रवंथ करणारी आहे, हा मुद्दा लेखात निसटला. खुराकावर भुरभुरलेली साधी अमिनो आम्ले कोटीपोटात, म्हणजे पोटाच्या पहिल्या मोठ्या कप्प्यात, पोहोचली की तेथील जिवाणू त्यांतील बराच भाग फोडून त्याचा अमोनिया करतात. म्हणजे महागडी पावडर बऱ्याच अंशी युरियाचेच, म्हणजे जिवाणूंना नत्र पुरवण्याचेच, काम करते! लहान आतड्यापर्यंत पोहोचायचे तर त्यांवर कोटीपोटात न विरघळणारे आवरण हवे. पाकिटावर तसा उल्लेख आहे का, एवढे तरी वाचकांना सांगायला हवे होते. शिवाय मेंढीला मिळणाऱ्या पचनीय प्रथिनांपैकी निम्म्याहून अधिक बहुधा या जिवाणूंच्याच शरीरातून येतात. त्यांना पुरेसा चारा, नत्र आणि गंधक मिळाले, तर ते स्वतःच मेथिओनीन तयार करतात. दूध पिणाऱ्या कोकरांची गोष्ट वेगळी, कारण त्यांनी प्यायलेले दूध कोटीपोट टाळून थेट पुढे जाते. पशुपालकांना पूरक खाद्य सुचवण्याआधी रोजच्या चाऱ्याचे पृथक्करण करून घ्यायला सांगावे, ही विनंती.

— एक पशुपालक