शुक्रवारचे अडीच तास: लोकसभा अध्यक्षांना खुले पत्र

माननीय अध्यक्ष महोदय,
लोकसभा, नवी दिल्ली

सप्रेम नमस्कार.

मी सिंधुदुर्गातल्या तालुका कोर्टात वकिली करतो. दिल्लीला पत्र लिहायची ही पहिलीच वेळ. विषय शुक्रवारचा आहे. मंत्री नसलेल्या खासदारांच्या कामकाजासाठी सभागृह शुक्रवारी जे अडीच तास राखून ठेवते, त्यांचा.

आमचा जुना मतदारसंघ राजापूर. २००८च्या पुनर्रचनेत तो नकाशावरून गेला. १९५७, १९६२ आणि १९६७ असा तीनदा तिथून एकच माणूस निवडून आला: बॅरिस्टर नाथ पै. जन्म वेंगुर्ल्याचा, शिक्षण बेळगावात, बेचाळीसच्या आंदोलनात तुरुंगवास, मग लंडनला जाऊन लिंकन्स इनची बॅरिस्टरी. जगभरच्या समाजवादी तरुणांच्या संघटनेचे ते अध्यक्ष होते. एवढी सनद घेऊन मुंबईत ऑफिस थाटले असते तर पैशाला तोटा नव्हता. पण त्यांची वकिली चालली ती सभागृहात, आणि आमच्या गावांतल्या खळ्यांत. माझे वडील सांगायचे, 'नाथ येतलो' एवढी बातमी आली की माणसे संध्याकाळपासून गॅसबत्तीच्या उजेडात बसून राहत. बोट, एसटी, होडी, जे मिळेल त्याने यायचे म्हटल्यावर उशीर ठरलेलाच. कोकण रेल्वेची मागणी तेव्हाची. गाडी धावली १९९८ साली.

पण मला सांगायचे आहे ते त्यांच्या विधेयकाबद्दल. २७ फेब्रुवारी १९६७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने गोलकनाथ खटल्यात सहा विरुद्ध पाच अशा निसटत्या बहुमताने सांगितले, की मूलभूत हक्कांना कात्री लावण्याचा अधिकार संसदेला नाही. सरकार विचारात पडले. उत्तर घेऊन उभा राहिला तो प्रजा समाजवादी पक्षाचा, म्हणजे विरोधी बाकांवरचा खासदार. राज्यघटनेतले कोणतेही कलम बदलण्याचा अधिकार संसदेला आहे, हे घटनेतच स्पष्ट लिहावे असे खासगी विधेयक, म्हणजे मंत्री नसलेल्या खासदाराचे विधेयक, नाथ पैंनी त्याच वर्षी मांडले. ते संयुक्त समितीकडे गेले, परत आले, त्यावर वर्षानुवर्षे वाद झाला. विरोधी पक्षांतलेच काही जण त्याच्या विरोधात होते.

खरे सांगतो, मीही विरोधात बोललो असतो. पुढे आणीबाणीत संसदेच्या बहुमताचा कसा वापर झाला ते आपण पाहिले. १९७३ साली केशवानंद भारती खटल्यात सात विरुद्ध सहा मतांनी घटनेची 'मूलभूत चौकट', म्हणजे संसदेलाही बदलता न येणारा गाभा, वाचली नसती तर आम्हा वकिलांच्या हाती काय उरले असते, हा विचार नकोसा वाटतो. नाथ पैंचा संसदेवरचा विश्वास भाबडा होता, असे माझे मत आहे. त्यांच्या जिल्ह्यात हे लिहायला थोडे धैर्य लागते.

तरीही तो वाद व्हायला हवा होता, आणि तो झाला. मंत्रिमंडळाने पाठवलेला प्रस्ताव नसतानाही झाला. २७ डिसेंबर १९७० रोजी चौथी लोकसभा बरखास्त झाली आणि विधेयक तिच्याबरोबर गेले. पुढे बावीस दिवसांनी, १८ जानेवारी १९७१ रोजी, बेळगावात नाथ पै गेले. आदल्याच दिवशी सीमाभागातल्या हुतात्म्यांच्या सभेत ते बोलले होते. वय अठ्ठेचाळीस. त्याच वर्षी सरकारने चोविसावी घटनादुरुस्ती केली. तिचा गाभा त्यांचाच होता.

त्याच लोकसभेतले आणखी एक विधेयक पाहा. लखनौचे अपक्ष खासदार आनंद नारायण मुल्ला, हायकोर्टाचे माजी न्यायाधीश आणि उर्दू शायर. खालच्या कोर्टाने सोडलेल्या आरोपीला हायकोर्टाने निकाल फिरवून जन्मठेप किंवा दहा वर्षांहून कमी नाही अशी शिक्षा दिली, तर त्याला सर्वोच्च न्यायालयात हक्काने अपील करता यावे, एवढेच त्यात मागणे होते. १९७० साली त्याचा कायदा झाला. अशा आरोपीला अपिलासाठी आजही कोणाच्या मेहेरबानीची वाट पाहावी लागत नाही. १९५२पासून खासगी विधेयकांचे कायदे झाले फक्त चौदा, आणि मुल्लांचे हे शेवटचे. त्यानंतर एकही नाही.

शुक्रवारी दुपारनंतर सभागृहाचे चित्र टीव्हीवर दिसते. मतदारसंघाकडची विमाने पकडायची असतात, मलाही कळते. सकाळी गोंधळ झाला की दिवसभरासाठी तहकुबी, आणि सर्वांत आधी बळी जातो तो याच अडीच तासांचा. शुक्रवारी बैठकच नसेल तर आठवड्यातल्या दुसऱ्या एखाद्या दिवशी वेळ देण्याची तरतूद नियमांत आहे. माझी विनंती एवढीच, की गोंधळात बुडालेल्या शुक्रवारालाही ती लागू करावी. बुधवारी भरून द्या, गुरुवारी द्या, रात्री उशिरापर्यंत बसवा. आणि विधेयकांचा क्रम ठरवायला टाकलेल्या चिठ्ठीत नाव निघालेल्या खासदाराचे विधेयक निदान चर्चेला येऊन मताला टाकले जाईल, असे पाहावे. पडले तर पडू दे. आमच्या कोर्टातसुद्धा दावा फेटाळला तरी निकालपत्र मिळते.

कळावे.

आपला,
जुन्या राजापूर मतदारसंघातला एक वकील