चोवीस तास बिळात

टिळकवाडी, बेळगाव

प्रिय सुहास,
सप्रेम नमस्कार.

वेंगुर्ल्याला बदली झाल्यापासून तू आमची कीवच करायला लागलास. ‘घाटावर बसून समुद्राचे किडे कसले शिकवतोस?’ म्हणालास, ते लागलं बघ.

सध्या बीएस्सीच्या पोरांपुढं फोरोनिस हिपोक्रेपिया हा समुद्रातला किडा काढलाय. पुस्तकात ‘मायनर फायला’खाली, म्हणजे प्राण्यांच्या किरकोळ गटांत, त्याला दोन ओळी. पोरं त्या पाठ करून मोकळी! मला मात्र हा प्राणी सोडवत नाही. अंग जाड दोऱ्याएवढं, लांबी फार तर १० सेंमी. शिंपल्यात नाहीतर चुनखडीत बीळ करून, स्वतःच स्रवलेल्या नळीत हा जन्म काढतो. बाहेर काय ते संस्पर्शकांचं, म्हणजे बारीक सोंडांचं, घोड्याच्या नालेच्या आकाराचं झुपकं. त्यावरचे बारीक केस हलत राहतात आणि पाण्यातले कण तोंडाकडं ओढले जातात. रक्त आपल्यासारखं लाल, हिमोग्लोबिनवालं. पण हृदय नाही, रक्तवाहिन्याच आकसून रक्त ढकलतात. झुपकं तुटलं तर नवं येतं. बिळाला दार एकच, म्हणून आतडं खाली जाऊन वळतं आणि गुदद्वार वर तोंडाशेजारी, पण नालेच्या बाहेर उघडतं. सोय बघ की!

खरी गंमत पिल्लाची. १८४६ मध्ये योहानेस म्युलर या जर्मन शास्त्रज्ञाला समुद्रात तरंगणारा एक पारदर्शक जीव मिळाला. त्याला त्यानं ॲक्टिनोट्रोका म्हटलं, स्वतंत्र प्राणी समजून. पुढं १८५६ मध्ये राइट नावाच्या निसर्ग-अभ्यासकानं फोरोनिसचं वर्णन केलं, पण दोघांचं नातं कुणाच्या ध्यानात आलं नाही. ते उलगडलं कोवालेव्स्की या रशियन शास्त्रज्ञानं, १८६७ साली: ॲक्टिनोट्रोका ही फोरोनिसचीच अळी!

आणि रूपांतर किती वेळात? अर्ध्या तासाच्या आत. अळीच्या पोटात एक पिशवी घडी होऊन बसलेली असते. ती खिसा उलटा काढावा तशी बाहेर येते आणि आतड्याला सोबत ओढून नेते. तीच पुढं किड्याचं धड होते. सरळ आतड्याला वळण पडतं ते इथंच. फुलपाखराला कोषात दिवस काढावे लागतात, आणि त्याचं केवढं कौतुक!

तर एक काम कर. ओहोटीला खडकावरचे जुने, भोकं पडलेले कालवांचे शिंपले बघ. झुपकं दिसलं तर शिंपला समुद्राच्याच पाण्यात बरणीत ठेव आणि लगेच फोन कर. आंबोलीमार्गे मीच येतो न्यायला. फॉर्मलिन अजिबात घालू नकोस, पोरांना जिवंत दाखवायचाय.

वहिनींना नमस्कार.

तुझा,
श्रीधर