पिस्तूल नंतर घे, आधी क्लब पाहा

कोथरूड, पुणे

प्रिय अविनाश,

सप्रेम नमस्कार.

तुझे सविस्तर पत्र मिळाले. साठीच्या उंबरठ्यावर तिकडे अमेरिकेत कमरेला पट्टा आवळून पळत पळत नेम धरण्याची, म्हणजे ‘प्रॅक्टिकल’ नेमबाजीची, हौस तुला सुचली, याचे वहिनींना जेवढे आश्चर्य वाटले तेवढे मला वाटले नाही, कारण एन.सी.सी.च्या शिबिरात पॉइंट टू-टू रायफलीपासून तुला उठवायला हवालदारांना नेहमी दुसऱ्यांदा ओरडावे लागत असे. पिस्तूल कोणते घ्यावे, त्यावर रेड डॉट (नेमासाठी लाल ठिपका दाखवणारी काच) बसवावा की साध्या साईटवर शिकावे आणि एकूण खर्च किती धरावा, असे तू विचारले आहेस. शिवाय शेवटी, जरा रागानेच, लिहिले आहेस की ज्या क्लबात तू मॅच पाहायला गेलास तिथे एका भल्या माणसाला, ज्याने कोणाला इजा केली नाही की एकही गोळी भलतीकडे सोडली नाही, भर मॅचमधून बाद करून टाकले. मी या शेवटच्या मुद्द्यापासून सुरुवात करतो, कारण तो नीट उलगडला की पिस्तुलाचा प्रश्न निम्मा सुटतो.

तुझ्या वर्णनावरून घडले ते असे दिसते. तो उजव्या हाताचा नेमबाज एका आडोशाकडून डावीकडच्या दुसऱ्या आडोशाकडे धावत होता आणि धावता धावता मॅगझिन (पिस्तुलातली काडतुसांची पेटी) बदलत होता. मॅगझिन बदलताना पिस्तूल मनगटात वळते आणि नळीचे तोंड आपसूक डावीकडे झुकते. छाती समोर असेल तर त्यात काही वावगे नाही. पण धावण्यासाठी सगळे अंगच डावीकडे वळलेले असले की तेवढ्याशा झुकण्याने नळी मागे, म्हणजे बाकीची मंडळी जिथे उभी असतात तिकडे, जाते. नेमबाज जिथे असेल तिथून समोरच्या मातीच्या बांधाला समांतर अशी एक काल्पनिक रेषा धरलेली असते आणि तिकडे सगळे तिला ‘वन-एटी’ म्हणतात. नळीने ती रेषा ओलांडली की त्या माणसाची मॅच संपली. बोट ट्रिगरवर होते की नव्हते, पिस्तूल त्या क्षणी भरलेले होते की रिकामे, हे कोणी विचारीत नाही. पिस्तूल हातातून पडले, धावताना किंवा मॅगझिन बदलताना बोट ट्रिगर गार्डच्या (ट्रिगरभोवतीच्या कड्याच्या) आत राहिले, अथवा ठरवून दिलेल्या सेफ्टी एरियाबाहेर कोणी आरओच्या (रेंज ऑफिसर, म्हणजे मॅचमधल्या पंचाच्या) आज्ञेवाचून पिस्तूल हाताळले, तरी निकाल तोच. त्या सेफ्टी एरियात पिस्तूल हाताळता येते, पण काडतुसाला हात लावता येत नाही, मग ते सरावाचे खोटे काडतूस का असेना.

तुला हे जाचक वाटते याचे कारण, आपण दोघे ज्या नेमबाजीत वाढलो तिची शिस्त जागेवर उभी आहे. बालेवाडीला दहा, पंचवीस आणि पन्नास मीटरच्या रेंजवर प्रत्येकाची लेन ठरलेली असते, नळीला एकच दिशा असते, आणि नेम धरायचा नसेल तेव्हा चेंबरमधून नारिंगी सेफ्टी फ्लॅग बाहेर डोकावत असतो. पंचवीस मीटर रॅपिड फायरमध्ये आठ, सहा आणि शेवटी अवघ्या चार सेकंदांत पाच टार्गेटांवर पाच गोळ्या मारतात, पण तिथेही पाय जागचे हलत नाहीत. प्रॅक्टिकलमध्ये मात्र भरलेले पिस्तूल हातात घेऊन माणूस पळतो, वाकतो, दार उघडतो, खिडकीतून नेम धरतो; तेव्हा त्याची लेन त्याच्याबरोबर पळत असते आणि ती आखणारी एकच गोष्ट असते, ती म्हणजे नळीचा कोन. त्या कोनात ‘थोडेसे चालेल’ म्हटले की लेनच उरत नाही.

आता क्लबाविषयी. मी तिकडे असताना ज्या क्लबात जात असे, तिथे एका मॅचच्या संचालकालाच, म्हणजे ज्याने आदल्या दिवशी उन्हात उभे राहून सगळ्या स्टेज (आडोसे आणि टार्गेटे मांडलेले मॅचचे टप्पे) बांधल्या होत्या त्याला, विशीतल्या एका मुलीने बाद केले. ती नुकतीच आरओ झाली होती. तिने ‘स्टॉप’ म्हटले. त्याने बोट बाहेर काढले, पिस्तूल रिकामे करून दाखवले, होल्स्टरमध्ये (कमरेच्या म्यानात) ठेवले, तिचे आभार मानले आणि उरलेला दिवस टॅब्लेटवर इतरांचे गुण नोंदवण्यात घालवला. संध्याकाळी मंडळींनी त्याला डेअरी क्वीनमध्ये आइस्क्रीम खायला नेले, कारण डिसक्वालिफिकेशनची आणि त्या दुकानाची इंग्रजी आद्याक्षरे एकच, असा तिकडचा जुना विनोद आहे. याउलट, आपल्याकडच्या एका रेंजवर (नाव लिहीत नाही) एक वजनदार गृहस्थ भरलेले पिस्तूल हातात घेऊन मागे वळून गप्पा मारत असताना सगळ्यांनी ‘साहेब, साहेब’ करीत नुसत्या बाजूला सरकण्याची अदब दाखवलेली मी पाहिली आहे. म्हणून सांगतो, क्लब निवडताना तिथल्या मंडळींकडे कोणती पिस्तुले आहेत ते पाहू नकोस. बाद झालेला माणूस कसा वागतो आणि बाकीचे त्याच्याशी कसे वागतात ते पाहा. तू पाहिलेला गृहस्थ जर वाद न घालता थांबला असेल आणि दुपारी टार्गेटांवर चिकटपट्ट्या लावताना दिसला असेल, तर डोळे मिटून त्या क्लबाची वर्गणी भर.

चिकटपट्ट्यांचे हे काम क्षुल्लक समजू नकोस. दहा-बारा जणांचे स्क्वॉड, म्हणजे एकत्र मॅच मारणारी तुकडी, असते. एकाचे मारून झाले आणि ‘रेंज इज क्लिअर’ अशी हाळी मिळाली की सगळ्यांनी पुढे जाऊन पुठ्ठ्याच्या टार्गेटांवरची भोके बुजवायची आणि पडलेली लोखंडी टार्गेटे उभी करायची. नुकताच मारून आलेला आणि आता पाळी असलेला, एवढ्यांनाच त्यातून सूट. मात्र गुण मोजून होण्याआधी भोक बुजवणे हा नवख्याचा नेहमीचा अति-उत्साह असतो. आरओला खरे गुण ठरवता आले नाहीत तर बिचाऱ्या नेमबाजाला सगळी स्टेज पुन्हा मारावी लागते, आणि मग त्याच्या नजरेला नजर देणे अवघड होते. आरओच्या मागे एक पाऊल राहून हात चालवलास की दुसऱ्या मॅचपर्यंत सगळे तुला नावाने हाक मारू लागतील.

हा खेळ ज्या विचारातून जन्मला तो समजला की बाकीचे नियमही तुसडे वाटणार नाहीत. १९७६ साली मिसुरीतील कोलंबिया येथे जेफ कूपरच्या अध्यक्षतेखाली आंतरराष्ट्रीय संघटना, म्हणजे आयपीएससी, स्थापन झाली. तिची अमेरिकन शाखा असलेली यूएसपीएसए १९८४ ची. अचूकता, शक्ती आणि वेग ही तिन्ही एकाच तराजूत तोलायची हे त्यांचे ब्रीद, आणि तराजू म्हणजे ‘हिट फॅक्टर’: स्टेजमध्ये मिळालेले गुण भागिले लागलेले सेकंद. टार्गेटच्या मधल्या ए भागाला पाच गुण, बाहेरच्या सी आणि डी भागांना कमी. नाइन मिलिमीटरसारख्या सौम्य दारूच्या, म्हणजे ‘मायनर’ वर्गातल्या काडतुसाला सी भागात तीन आणि डी भागात एक; जोरदार ‘मेजर’ला तिथेच चार आणि दोन. टार्गेट चुकले तर दहा गुण वजा, आणि मारायचे नाही अशा पांढऱ्या टार्गेटाला गोळी लागली तरी दहा वजा.

यातली गंमत तुझ्यासारख्या हिशेबी माणसाला आवडेल. समज, एका स्टेजवर तू सेकंदाला सहा गुण मिळवतो आहेस. मग मायनरमध्ये ए ऐवजी सी लागला तर दोन गुण गेले, म्हणजे सेकंदाचा तिसरा हिस्सा गेला. पण टार्गेटच चुकले तर हातचे पाच आणि दंडाचे दहा मिळून पंधरा गुण, म्हणजे अडीच सेकंद बुडाले. थोडक्यात, सी टाळण्यासाठी अर्धा सेकंद रेंगाळणे तोट्याचे आणि घाईत टार्गेट चुकवणे त्याहून कितीतरी तोट्याचे. जवळच्या मोठ्या टार्गेटांच्या स्टेजवर हिट फॅक्टर चढतो तेव्हा सेकंदाची किंमत वाढते, लांबच्या अवघड स्टेजवर तो उतरतो तेव्हा गुणांची वाढते. हा हिशेब पायांना कळायला वेळ लागतो. आपल्या मूळच्या नेमबाजीला, म्हणजे दहा मीटर एअर पिस्तूलला, पंच्याहत्तर मिनिटांत साठ गोळ्या मारायची मुभा असते. त्या सवयीचा माणूस सुरुवातीला प्रत्येक टार्गेटासमोर पूजेला बसल्यासारखा उभा राहतो. माझेही बरेच दिवस तसेच चालले होते.

आता सामान. मेजर, मायनर हे तोंडी चालत नाही. मोठ्या मॅचला तुझी काडतुसे काढून घेऊन गोळीचे वजन आणि क्रोनोग्राफवर तिचा वेग मोजतात. ग्रेनमधले वजन गुणिले फूट प्रतिसेकंद वेग, भागिले हजार, हा पॉवर फॅक्टर. मायनरला तो निदान १२५ भरावा लागतो. १४७ ग्रेनची गोळी ९०० फुटांच्या वेगाने गेली तर १३२ भरतो, म्हणजे थोडी शिल्लक राहते. १२५ च्या खाली गेलास तर मॅच मारू देतात, पण गुण धरत नाहीत. ही शिल्लक राखणे घरी काडतुसे भरणाऱ्यांची डोकेदुखी. तू तूर्त त्या नादी लागू नकोस, दुकानातली तयार नाइन मिलिमीटर काडतुसे घे. प्रॉडक्शन (साध्या साईटचा) आणि कॅरी ऑप्टिक्स (रेड डॉटचा) या दोन्ही विभागांत सर्वांना मायनरचेच गुण मिळतात, त्यामुळे जोरदार दारूवाल्यापुढे तू कमी पडशील ही भीती तिथे नाही. रेड डॉटबद्दल माझे मत स्पष्ट आहे: आपल्या वयाला पुढची साईट धूसरच दिसते, तेव्हा कॅरी ऑप्टिक्समध्ये ठिपका लावून मार आणि ‘साध्या साईटवर शिकल्याशिवाय खरा नेमबाज नाही’ म्हणणाऱ्याला चहा पाजून गप्प कर.

पिस्तुलाच्या मॉडेलवर मी भांडणार नाही. पूर्ण आकाराचे, धातूच्या चौकटीचे, जरा जड असे घेतलेस तर धक्का कमी जाणवेल. पण नाव घेण्याआधी क्लबातल्या दोघा-तिघांची पिस्तुले मागून मारून पाहा, तिकडे लोक हौसेने देतात. होल्स्टरमध्ये मात्र काटकसर नको. ट्रिगर पूर्ण झाकणारे, कायडेक्स या कडक प्लास्टिकचे होल्स्टर घे. नुसत्या ट्रिगर गार्डला पकडणारी झटपट होल्स्टरे दिसायला देखणी असली तरी तुझ्या कामाची नाहीत. आत एक आणि त्यावर वेल्क्रोने घट्ट बसणारा दुसरा असा जोडपट्टा, चार-पाच मॅगझिने, त्यांचे पाउच, चांगला चष्मा आणि आरओचे बोलणे ऐकू देणारे इलेक्ट्रॉनिक इअरमफ, एवढ्यावर वर्ष निघते. उरलेला पैसा काडतुसांना ठेव. क्लबाच्या एका मॅचला साधारण शंभर ते दीडशे गोळ्या लागतात आणि सराव वेगळाच. पहिल्या वर्षाअखेरीस काडतुसांचा खर्च पिस्तुलाच्या किमतीला मागे टाकेल, हे वहिनींना आत्ताच सांगून ठेव. इथेही तेच दिसते बघ. पॅरिसला २०२४ मध्ये स्वप्नील कुसाळेने पन्नास मीटर रायफल थ्री पोझिशनचे कांस्य आणल्यापासून मला भेटणारे पालक पहिला प्रश्न ‘रायफल कोणती घ्यावी?’ हाच विचारतात. मूल रोज तासभर ड्राय प्रॅक्टिस, म्हणजे गोळीविना सराव, करील का, हे कोणी विचारीत नाही.

तू तिथला नागरिक आहेस, म्हणून परवान्याचा माझा गुंता तुला नाही. मी वर्क व्हिसावर होतो तेव्हा परदेशी माणसाला बंदूक बाळगण्यासाठी कायद्यात जी मोजकी सवलत आहे तिच्यापैकी एक म्हणजे शिकारीचा परवाना. त्यामुळे जन्मात कोंबडीही न कापलेला हा सदाशिव पेठी शाकाहारी खिशात शिकाऱ्याचे कार्ड घेऊन फिरत असे. इथे परतल्यावर तर तो खेळ संपलाच. नाइन मिलिमीटर आपल्याकडे प्रतिबंधित बोअर (नळीचा व्यास) आहे, सामान्य परवानाधारकाला ते मिळत नाही, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर त्याला तीनऐवजी दोनच शस्त्रे ठेवता येतात. म्हणून मी ४.५ मिलिमीटरच्या पेलेटवर (एअर पिस्तुलाच्या छर्‍यावर) समाधानी आहे. सहा मिलिमीटरच्या प्लास्टिक गोळ्यांची ‘ॲक्शन एअर’ ही शाखा आयपीएससीने मान्य केली आहे आणि २०१८ मध्ये तिची पहिली जागतिक स्पर्धा हाँगकाँगला झाली. आपल्याकडे या खेळाला काही वाट असेल तर ती तीच, असे मला वाटते.

शेवटची एक गोष्ट, आणि ही गमतीने घेऊ नकोस. जानेवारीत येताना रेंजवर नेतोस ती पिशवी प्रवासाला आणू नकोस, आणि त्या दिवशी घातलेल्या जाकिटाचे खिसेही उलटे करून झटक. अस्तराच्या शिवणीत राहिलेले एक काडतूस लोहगाव विमानतळाच्या स्कॅनरवर दिसले, तर तुझी सुट्टी शस्त्र कायद्याखालच्या जबाबात आणि वकिलाच्या कचेरीत जाईल, आणि तुझ्या हौसेची बाजू मांडायला मला पोलीस ठाण्यात यावे लागेल. पिशवी वेगळी ठेव, आणि निघण्याआधी वहिनींकडून सामान तपासून घे. त्यांची नजर तुझ्यापेक्षा बरी आहे.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
श्रीकांत