डबीच्या मागचा बारीक मजकूर

मा. संपादक,

साठीच्या पुरुषांनी प्रोस्टेट ग्रंथीचा कर्करोग टाळण्यासाठी ई जीवनसत्त्व आणि सेलेनियमच्या गोळ्या सुरू कराव्यात, असा सल्ला आपल्या आरोग्य पुरवणीत वाचला आणि राहवले नाही. थोरल्या भावाला हा आजार निघाला, आता आपलाही नंबर लागणार या धास्तीने मी तीन वर्षे याच गोळ्या गिळल्या आहेत.

सल्ला अगदीच हवेतला नाही, हे मान्य. फिनलंडमध्ये धूम्रपान करणाऱ्यांवर फुप्फुसाच्या कर्करोगासाठी प्रयोग झाला, अमेरिकेत त्वचेच्या कर्करोगासाठी. पहिल्यात ई जीवनसत्त्व, दुसऱ्यात सेलेनियम घेणाऱ्यांमध्ये प्रोस्टेटचा कर्करोग कमी दिसला. शोधायला गेले एक, हाती लागले भलतेच! म्हणून मुद्दाम याच प्रश्नासाठी २००१ मध्ये 'सिलेक्ट' चाचणी सुरू झाली, ३५ हजारांहून अधिक पुरुषांवर. फायदा काहीच दिसेना म्हणून २००८ मध्ये गोळ्या मुदतीआधीच थांबवल्या. त्यानंतरही या पुरुषांवर लक्ष ठेवले, हे बरे झाले. कारण २०११ मध्ये कळले, की नुसते ई जीवनसत्त्व घेणाऱ्यांमध्ये हा कर्करोग १७ टक्क्यांनी जास्त निघाला. सात वर्षांत हजारी ६५ ऐवजी ७६. सेलेनियमचेही तसेच. अंगात ते आधीच भरपूर असलेल्यांनी वरून आणखी घेतले, तेव्हा आक्रमक कर्करोगाचा धोका जवळजवळ दुप्पट झाला.

हे समजल्यावर मी कपाटातली डबी काढून भिंगाने मागचा मजकूर वाचला. ई जीवनसत्त्व, ४०० युनिट. चाचणीतला डोस नेमका तेवढाच होता. पुढच्या बाजूला ठळक अक्षरांत 'प्रोस्टेटच्या आरोग्यासाठी'. 'कर्करोग टळतो' असे डबीवर कुठेही नव्हते. ते माझे मीच वाचले होते.

डॉक्टरांनी दर वेळी विचारले, "कोणती औषधे चालू आहेत?" मी रक्तदाबाची आणि रक्त पातळ करणारी गोळी सांगायचो. ही डबी मी औषधात धरतच नव्हतो. जास्त मात्रेतल्या ई जीवनसत्त्वाने रक्तस्रावाचा धोका वाढू शकतो आणि रक्त पातळ करणाऱ्या गोळीबरोबर तर अधिकच, हे त्यांनी फार उशिरा सांगितले. उशीर अर्थात माझाच.

त्याहून वाईट म्हणजे, 'गोळी घेतोय ना' म्हणून मी पीएसएची, म्हणजे प्रोस्टेटच्या कर्करोगासाठीची रक्ताची तपासणी तीन वर्षे पुढे ढकलली. सख्ख्या भावाला हा आजार असेल तर आपला धोका दुपटीहून अधिक होतो. अशा माणसाने तपासणी कधी आणि किती वेळा करायची, हे डॉक्टरांशी बोलून ठरवायला हवे. आपल्या लेखात याचा साधा उल्लेखही नाही.

कृपया पुढच्या पुरवणीत दुरुस्ती छापावी. त्याच पानावर, तेवढ्याच मोठ्या टायपात.

आपला,
एक नियमित वाचक