स्वीकृत मसुदा जपून ठेवा

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

शोधनिबंध सर्वांना मोफत वाचता यावेत म्हणून लेखकाने स्वतःच ते इंटरनेटवरच्या मुक्त भांडारात ठेवायचे, ही पद्धत नवी नाही. भौतिकशास्त्रज्ञ १९९१पासून आर्काइव्ह (arXiv) या भांडारात हेच करत आले आहेत. तरीही संस्थांच्या भांडारांत निबंध अडकून पडतात. दोष अनेकदा नियमांचा नसतो, जमा केलेली प्रत चुकीची असते.

एका निबंधाच्या तीन प्रती असतात: नियतकालिकाकडे प्रथम पाठवलेला मसुदा, परीक्षकांच्या सूचनांनुसार सुधारून स्वीकारला गेलेला मसुदा, आणि प्रकाशकाने मांडणी केलेली पीडीएफ. वर्गणीवर चालणाऱ्या नियतकालिकांचे प्रकाशक सहसा तिसरी प्रत भांडारात ठेवू देत नाहीत; दुसरीला पुष्कळांची हरकत नसते. लेखक मात्र नेमकी तिसरीच चढवतात, कारण तीच हाताशी असते. दुसरी एखाद्या सहलेखकाच्या ईमेलमध्ये 'फायनल ३' नावाने पडलेली असते आणि वर्षभराने मागितली की सापडत नाही. प्रूफही चालत नाही, कारण त्यावरची मांडणी प्रकाशकाचीच असते.

म्हणून स्वीकृतीचा ईमेल येईल त्याच दिवशी शेवटची सुधारित वर्ड किंवा लाटेक फाइल बाजूला काढावी. ट्रॅक चेंजेस आणि शेरे काढून टाकावेत, ओळींचे क्रमांक घालवावेत, शेवटी जोडलेल्या आकृत्या मजकुरात आपापल्या जागी आणाव्यात. परीक्षणासाठी लेखकांची नावे आणि आभार झाकले असतील तर ते परत घालावेत. हे हमखास विसरले जाते. पहिल्या पानावर 'स्वीकृत मसुदा' असे लिहून नियतकालिकाचे नाव द्यावे आणि डीओआय (निबंधाचा कायमस्वरूपी ओळख क्रमांक) मिळाला की तोही घालावा. पीडीएफ थेट फाइलवरूनच बनवावी. छापून स्कॅन केलेल्या पानांतला मजकूर ओसीआर (चित्रातली अक्षरे ओळखण्याची प्रक्रिया) केल्याशिवाय शोधयंत्रांना वाचता येत नाही.

मग प्रकाशकांची धोरणे एकत्र देणाऱ्या 'ओपन पॉलिसी फाइंडर' (पूर्वीचे शेर्पा रोमिओ) या संकेतस्थळावर आयएसएसएन, म्हणजे नियतकालिकाचा क्रमांक, टाकून त्याचे धोरण पाहावे, आणि सही केलेला करार त्याच्याशी ताडून घ्यावा. एम्बार्गो (मसुदा खुला करण्यापूर्वीचा सक्तीचा थांबा) कुठे ६ महिन्यांचा, कुठे १२, कुठे २४ महिन्यांचा असतो आणि तो साधारणपणे प्रकाशनाच्या तारखेपासून मोजतात, स्वीकृतीच्या नव्हे. तो संपेपर्यंत थांबायचे कारण नाही. फाइल लगेच जमा करून खुली होण्याची तारीख नोंदवली की शीर्षक आणि सारांश तेव्हापासूनच दिसू लागतात. अनेक भांडारांत मधल्या काळात वाचकाला 'प्रत मागवा' हे बटण दाबून थेट लेखकाकडे मागणी करता येते.

परवाना निवडताना घाई नको. काही प्रकाशक स्वीकृत मसुद्यासाठी अव्यावसायिक वापराचाच क्रिएटिव्ह कॉमन्स परवाना (इतरांना वापराची मुभा देणारा ठरावीक नमुन्याचा परवाना) मागतात, आणि एकदा दिलेला खुला परवाना मागे घेता येत नाही. दुसऱ्यांच्या आकृत्या वापरल्या असतील तर नियतकालिकापुरती घेतलेली परवानगी भांडारालाही लागू होते, असे धरून चालू नये.

संशोधकांच्या समाजमाध्यमावर पीडीएफ टाकली की काम झाले, हा समज तर सोडावाच. तिथे फाइल कायम राहील याची हमी नसते आणि प्रकाशकांचे नियमही बहुधा वेगळे असतात.

यातली निम्मी कटकट नियतकालिकेच संपवू शकतात. स्वीकृत फाइल त्यांच्या प्रणालीत असतेच. स्वीकृतीच्या ईमेलला ती जोडून सर्व सहलेखकांना पाठवावी.

– संस्थात्मक भांडाराचे काम पाहणारे ग्रंथपाल