बइनेरा लिहिणाऱ्या, आयर्लंडमधल्या स्लायगोच्या आजोबांना

आदरणीय आजोबा,

मराठी तुम्हाला वाचता येत नाही हे माहितीये. इंग्रजी पत्र कालच पोस्टात टाकलंय, पण त्यात जेवढं मावलं तेवढंच मावलं, म्हणून उरलेलं इथे.

पुरोहित स्वामी आमच्या बडनेऱ्याचे, जन्म 1882 चा. त्यांची आणि आयरिश कवी यीट्सची ओळख झाली 1931 मध्ये, तेव्हा यीट्सनी पासष्टी ओलांडलेली, नोबेल घेऊन आठ वर्षं झालेली. एवढा मोठा माणूस, पण स्वामींच्या आत्मचरित्राला स्वतः प्रस्तावना लिहिली, पुढे मायोर्का बेटावर आजारपण सांभाळत त्यांच्यासोबत दहा उपनिषदं इंग्रजीत आणायला बसला. स्वामींनी आपली इंग्रजी गीता यीट्सना सत्तराव्या वाढदिवसाला अर्पण केली. 1936 मध्ये स्वामी भारतात परतले आणि मग राहिली ती फक्त पत्रं, 1939 च्या जानेवारीत यीट्स गेले तोवर.

मला त्या पत्रांबद्दल वाचायचं होतं, बस एवढंच. एका मोठ्या लायब्ररीत काउंटरवरच्या साहेबांनी मान वर न करता विचारलं, "बडनेऱ्याचा आणि यीट्सचा काय संबंध? गूगल करा ना." एका प्राध्यापकांना तीनदा मेसेज केला, तिन्ही वेळा निळ्या टिका, उत्तर शून्य. असो.

आणि तुम्ही! वय 81, स्वतःचं पुस्तक अर्धवट पडलेलं (हे तुम्हीच लिहिलंत), डोळ्यांचं ऑपरेशन झालेलं, तरी माझ्या पत्राला उत्तर म्हणून चार पानं हाताने लिहून पाठवलीत, त्या दोघांच्या पत्रांतले उतारे स्वतः उतरवून. वर लिहिता काय, तर उशीर झाला माफ करा.

पण खरं सांगू, मला रडवलं ते पाकिटाने. इंग्रजी पत्त्याच्या खाली पेन्सिलीने आखलेली एक रेघ, तिच्यावर माझ्या पत्रातल्या शिक्क्यावरून बघून बघून काढलेली देवनागरी. ड ला खाली शेपूट जास्त लागलं, त्यामुळे झालं "बइनेरा". एकदा खोडून पुन्हा काढलंय, तरी पुन्हा इच. पोस्टमन दारात उभा राहून हसत होता, "हे बइनेरा कुठं आलं जी?" पिन कोड होता म्हणून पोचलं.

कुणी सांगितलं होतं हे करायला? इंग्रजीत पत्ता पुरला असता की. पण समोरच्याच्या गावाचं नाव त्याच्या लिपीत लिहावं असं ज्याला वाटतं ना, तो माणूस वेगळाच असतो, आणि असली माणसं डिग्र्या-खुर्च्या बघून सापडत नाहीत हे मला या वयात कळलं. आईने ते पाकीट देवघरात ठेवलंय, मी नको म्हटलं तरी.

पुढच्या पत्रात ड मोठा काढून पाठवतोय, बाण दाखवून. शेपटाच्या आधीच थांबायचं, आजोबा.

तुमचा,
बइनेरेकर